गौरा हजर

पौष लागला की कोल्हापुरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. घरोघर बायका संक्रांतीच्या बांगड्या भरून घेतात आणि शाळांच्या तपासण्या येतात. पहिल्या गोष्टीवर माझं पोट चालतं. दुसरीचं नाव निघालं की माझ्या हातातलं माप चुकतं. मी आता लेकीचं लग्न उरकलेली बाई आहे, घरात माझा शब्द चालतो, तरी ते चुकायचं ते चुकतंच.

सकाळी दुरडी डोक्यावर घेऊन निघाले की लांबूनच कळतं, आज कुठल्या शाळेची पाळी आहे ते. भिंतींना ओला चुना असतो. अंगण सारवलेलं, त्यावर रांगोळी, आणि रांगोळी पुसू नये म्हणून कडेकडेनं चालणाऱ्या मुली. केसांना इतकं तेल, की कपाळावर ओघळतं. नदीकडच्या गुऱ्हाळांचा गोड, किंचित करपट वास पेठेवर पसरलेला असतो आणि आतून पाढ्यांचा आवाज येत असतो. मी जरा थांबते. मग स्वतःवरच चिडते आणि पुढच्या दाराशी जाऊन हाळी देते.

मी मणेराची मुलगी आणि मणेराचीच सून. नाव अमीना. आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या या गावातल्या बायकांचे हात भरले. कुणाचा हात मऊ, कुणाचा हाडकुळा, कुणाला दाट हिरव्याच बांगड्या लागतात आणि कुणाच्या हातावर आता कधीच काही चढणार नाही, हे अम्माला तोंडपाठ होतं. ती घरात दखनी बोलायची आणि दारोदार मराठी. मी तिच्या पदराला धरून हिंडले. वाचायला मला कुणी शिकवलं नाही. थोरला भाऊ अब्बांच्या धाकानं मोठ्यानं पुस्तक वाचायचा आणि मी त्याच्या समोर बसून बघायची. त्यामुळं सुरुवातीला मला पुस्तक उलटं धरल्याशिवाय वाचताच येत नसे. भाऊ हसून हसून लोळायचा. पुढं त्यानं शाळा सोडली आणि पुस्तक माझ्याकडं आलं, तेव्हा मी ते सुलट धरायला शिकले.

आमच्या पेठेत मुलींची शाळा होती. यमुनाबाई तिची मुख्याध्यापिका. गल्लीत सगळे तिला थोरल्या बाई म्हणत. तिच्याबद्दल लिहिताना मी अहो-जाहो करीत नाही, हे कुणाला खटकेल. खटकू दे. पंचविशीतली ब्राह्मण विधवा. केस राखलेले, पांढरं पातळ, आणि ट्रेनिंग होऊन आलेली. यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल पेठ तिला रोज बोल लावायची. शाळा चालली तर ती थोरल्या बाई, आणि शाळा उठली तर दिराच्या घरी चुलीपुढं बसणारी, सगळ्यांचं उष्टं काढणारी बाई. महाराज तेव्हा तरुण होते, मुलींनी शिकावं असं त्यांच्या मनात होतं. पण कचेरीचे नियम कचेरीचेच. तपासणीला ठरलेल्या आकड्याइतक्या मुली बसल्या नाहीत तर शाळा बंद व्हायची.

तिचं शिकवणं मात्र चांगलं होतं. हे मी लिहिलंच पाहिजे, नाहीतर बाकीचं खोटं वाटेल. अम्मा शाळेच्या ओट्यावर मुलींचे हात भरायला बसली की मी खिडकीखाली बसून ऐकायची. यमुनाबाई अपूर्णांक शिकवताना खरी भाकरी आणायची आणि मोडायची. कविता म्हणताना तिचा आवाज बदलायचा. तिनं प्रश्न विचारला की खिडकीखाली माझे ओठ हलायचे. मला ती शाळा हवी होती. आत, सतरंजीवर, पाटी घेऊन बसायचं होतं. इतकं दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. लग्नात दागिने मिळाले, पुढं मुलं झाली, स्वतःचं दुकान झालं. त्यातलं काहीच मी असं जीव टाकून मागितलं नव्हतं.

मी दहा वर्षांची झाले त्याच्या आदल्या वर्षी गाठीचा ताप, प्लेग आला होता. पेठ रिकामी झाली आणि लोक माळावर झोपड्या टाकून राहिले. परत आले तेव्हा काही घरांची कुलपं उघडायला कुणी उरलं नव्हतं. भुसारी दुकानवाल्या लिंगायतांची गौरा माळावरच गेली. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची. आमच्यात पुरतात तसं त्यांच्यातही पुरतात. अब्बा मातीला जाऊन आले. गौराची आई नीलव्वा सीमेकडची, निम्मं कानडी बोलणारी. लेक गेल्यापासून ती दुकानाच्या पायरीवर बसून असायची. विचारलं तर उत्तर द्यायची, आपण होऊन बोलत नसे.

यमुनाबाईनं गौराचं नाव पटावरून काढलं नाही. कारण साधं होतं. आकड्याला एक मुलगी कमी पडत होती, आणि परीक्षेला बसायला मुलगी सहा महिने पटावर असावी लागायची. नवी मुलगी आणून भागत नव्हतं. नाव जुनंच हवं होतं, आणि त्या नावाखाली उभी राहायला कुणीतरी हवं होतं.

ती आमच्या घरी आली ती भर दुपारी. अम्मा काकणं निवडत होती. विधवा बाई मणेराच्या उंबऱ्यात उभी राहिलेली बघून तिनं घाईघाईनं काकणांवर फडकं टाकलं.

"तुझी मुलगी वाचते म्हणे," यमुनाबाई म्हणाली.

"वाचती की. दुकानाच्या पाट्या वाचती. काकणं बांधून येत्यात ते कागदसुदिक वाचती."

"मला ती तपासणीपुरती दे. एका दिवसापुरती. गौराच्या नावानं बसेल."

अम्मानं फडक्याचं टोक नीट केलं. मग म्हणाली, "आणि मग?"

"मग तिचं नाव घालते शाळेत. अमीना म्हणूनच घालते. पाटी-पुस्तक माझ्याकडून."

अब्बा आतून बाहेर आले. "मेलेल्या पोरीचं नाव जित्त्या पोरीला लावायचं? बरं न्हाय हे, बाई," म्हणाले.

अम्मानं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला ठाऊक नाही, पण ते बघून ती म्हणाली, "एका दिसाचं तर हाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी मी यमुनाबाईच्या खोलीवर जायची. नाव काय? गौरा. दुकान कशाचं? भुसारीचं. आईला काय म्हणतेस? अव्वा. ती स्वतः माझ्या कपाळाला विभूती लावून बघायची, जरा लांब सरून न्याहाळायची, पुन्हा पुसायची. मग मला भिंतीकडं तोंड करून पाढे म्हणायला लावायची आणि मध्येच मागून हळूच हाक मारायची, "अमीना." मी वळले की हातावर रूळ बसायचा. पहिल्या दिवशी प्रत्येक हाकेला वळले. शेवटी शेवटी तिनं कितीही गोड आवाजात बोलावलं तरी माझी मान हलेना. तेव्हा ती प्रथमच हसली आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. ज्या हाताला रूळ लागला होता त्याच हातावर. मी तो खाल्ला. चांगला लागला.

एक गोष्ट ती रोज बजावायची. "विचारतील तेवढंच सांगायचं. चुकलीस तरी चालेल. हुशारी दाखवायची नाही." मी मान हलवायची. जन्मात पहिल्यांदा शाळेत बसलेलं मूल हुशारी दाखवणार नाही, हे एवढ्या चांगल्या शिकवणाऱ्या बाईला खरं कसं वाटलं, ते मला अजून समजलेलं नाही.

शाळेत तुळसा नावाची बाई कामाला होती. रोज सकाळी दारोदार जाऊन ती मुली गोळा करून आणायची आणि संध्याकाळी घरी पोचवायची; त्याशिवाय आयाबाप मुली धाडत नसत. तपासणी झाली की मुलींच्या आयांसाठी शाळेतच हळदीकुंकू असायचं. त्याचं बोलावणंही तुळसाच द्यायची. यमुनाबाई कामाच्या घाईत तिला म्हणाली, "पटावरच्या सगळ्या घरी जाऊन ये." तुळसाला अक्षर येत नव्हतं, घरं पाठ होती. गौराचं नाव अजून पटावर आहे, हे सगळ्या शाळेला माहीत होतं तसं तिलाही होतं. ती नेहमीच्या वाटेनं गेली आणि नीलव्वाच्या पायरीशी उभी राहून म्हणाली, "थोरल्या बाईंनी हळदीकुंकवाला बोलावलंय. पटावरच्या समद्यांच्या आयांना हाय." पोर गेली तरी बाई आईला विसरल्या न्हाईत, असंच तिला वाटलं. नंतर ती हे रडत रडत सांगत फिरली, पण तिचं कुणी ऐकलं नाही.

तपासणीच्या दिवसाचं मला सगळं आठवतं आणि सगळं सुखाचं आठवतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. सतरंजी खरखरीत होती. पाटी नवी होती, तिला लाकडाचा वास होता. शेजारची मुलगी मला टोचून म्हणाली, "ए गौरा, सरक की," आणि मला हसू आलं. मुलींना सगळं माहीत होतं, पण बाईंनी दटावलं होतं. खोलीला मध्ये पडदा लावला होता. पलीकडं मुलींच्या आया बसल्या होत्या आणि अम्मा तिथं हात भरायला दुरडी घेऊन बसली होती. बांगड्या वाजत होत्या, कुजबुज चालली होती.

तपासणीचे साहेब आले. पागोटं, हातात काठी, खोकला, आणि डोळे दमलेले पण प्रेमळ. एकेक नाव घेऊ लागले.

"गौरा."

मी उभी राहिले. "हजर."

पडद्यामागची कुजबुज थांबली. मला वाटलं, माझा आवाज चांगला लागला म्हणून थांबली.

साहेबांनी वाचायला लावलं. वाचलं. हिशेब विचारला. सांगितला. चुकायचं होतं तिथं चुकायला मी विसरले. मग त्यांनी सगळ्या वर्गाला पंचगंगेच्या नद्या विचारल्या. मुलींनी एका सुरात म्हटल्या, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती. साहेब हसत म्हणाले, "सरस्वती कुणी पाहिलीय?"

माझा हात वर.

"कुणीच न्हाय साहेब. चारच हायत. मी अव्वाबरोबर चारी वलांडल्यात. पाच म्हणायचं म्हणून पाचवं नाव घेत्यात."

साहेब आधी बघत राहिले आणि मग खोकला येईपर्यंत हसले. अव्वा म्हणायचं मी विसरले नव्हते, याचा मला कोण आनंद झाला होता. यमुनाबाईकडं बघितलं तर ती भिंतीला टेकली होती आणि तिच्या ओठांवरचा रंग गेला होता.

"बाई, ही मुलगी पुढं ट्रेनिंगला गेली पाहिजे," साहेब म्हणाले. "दरबारातून सगळी व्यवस्था मी करवतो. दर वर्षी हिला मी स्वतः पाहणार. हिचे आईवडील कुठं असतात?"

यमुनाबाई पटाची पानं उलटू लागली. तेवढ्यात पडदा सरकला आणि उशिरा येऊन आयांच्या मागं बसलेली नीलव्वा बाहेर आली. मला बघून थांबली. माझं कपाळ, विभूती, नेसवलेलं परकर-पोलकं, सगळं बघितलं. मग माझ्याजवळ येऊन तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता आणि जड होता.

"माझी हाय साहेब," ती म्हणाली. "नन्न मगळु. माझी लेक."

ही बाई देवमाणूस आहे, असं मला वाटलं. मला त्या वयात दुसरं काय वाटणार होतं?

साहेब छकड्यात बसून गेले. छकड्याच्या घुंगरांचा आवाज कोपऱ्याला वळेपर्यंत कुणी हललं नाही. मग नीलव्वानं माझ्या डोक्यावरचा हात काढला आणि पदराला पुसला.

"बाई, माझ्या पोरीला मातीतनं उठवून हजर केलासा," ती यमुनाबाईला म्हणाली. आवाज चढा नव्हता. "बरं केलासा. आता तुमीच तिला परत मारा. साहेबाला कळवा, गौरा मेली म्हणून. तुमच्या हातानं कळवा. म्या एकदा मूठमाती दिलीया. परत देणार न्हाय."

यमुनाबाई तिच्यापुढं हात जोडून उभी राहिली. "नीलव्वा, ऐका माझं. ही पुढं गौरा म्हणूनच शिकली तर? दरबार शिकवील. तुमच्या लेकीचं नाव राहील हो."

"माझ्या लेकीचं नाव माझ्यापाशी हाय. हा महिना सरायच्या आत मारलं न्हाईसा तर मी साहेबाच्या दारात जाऊन बसीन."

आता अम्मा पुढं आली. तिच्या हातात कुणाच्या तरी मापाची काकणं तशीच होती. "आणि माझ्या पोरीचं काय? बाईंनी तिचं नाव घालतो म्हटलंय."

"कसं घालणार?" यमुनाबाई फाटक्या आवाजात म्हणाली. "साहेबांनी चेहरा पाहिलाय. दर वर्षी येणार ते. मेलेली मुलगी दुसऱ्या नावानं पुढ्यात बसलेली दिसली तर मी काय सांगू त्यांना?"

नीलव्वा अम्माकडं वळली. "तुझी जित्ती हाय की, मणेरणी. आनि काय पायजे तुला?"

अम्मानं हातातली काकणं दुरडीत ठेवली. लेक गेलेल्या बाईला काय सांगणार, की माझी शाळा गेली म्हणून? पण गेली होती ना. तिची लेक तापानं नेली, माझी शाळा तिनं नेली, आणि तिला ते कळत होतं, हे मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती हळदीकुंकू न घेता निघून गेली. बाकीच्या बायकांनी तिळगूळ घेतला, हात भरून घेतले आणि साहेब किती सज्जन आहेत याबद्दल बोलल्या.

तुळसाला दुसऱ्या दिवसापासून कामावरून काढलं. तिचा गुन्हा काय, ते तिला कुणी धड सांगितलंही नाही. काही दिवस ती सवयीनं सकाळी मुलींच्या दारात येऊन उभी राहायची आणि मग परत जायची.

महिना संपायच्या आत गौरा दुसऱ्यांदा वारली. त्या साली तापाचे तुरळक रोगी होतेच, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. साहेब फार हळहळले म्हणे. शाळेला त्यांनी उत्तम शेरा दिला आणि त्या शेऱ्यावर यमुनाबाईला मोठी शाळा मिळाली. गावातल्या मुलींच्या सगळ्या शाळा तेच साहेब तपासायचे, म्हणून दुसऱ्या शाळेचं दारही मला बंद झालं. अम्मा वर्षभर यमुनाबाईकडं खेपा घालत होती. उत्तर एकच: साहेबांची बदली झाली की बघू. साहेब मात्र कोल्हापुरात चांगले रुजले होते. त्यांची बदली झाली तेव्हा माझ्या कडेवर पहिली लेक होती.

मी तेव्हा ढ निघाले असते तर? यमुनाबाईनं सांगितल्यासारखी दोन उत्तरं चुकले असते, खाली मान घालून बसले असते, तर साहेबांनी माझ्याकडं पुन्हा बघितलंही नसतं. पुढच्या सोमवारी मी अमीना म्हणून सतरंजीवर असते. हे मी किती वेळा मनात घोळवलं आहे याला हिशेब नाही. बांगडी चढवताना हाताचा अंगठा दाबून धरावा लागतो, त्या वेळी डोकं रिकामं असतं. तेव्हा हेच येतं. मला माझ्या हुशारीचा राग येतो, आणि मग असा राग मला शिकवला म्हणून यमुनाबाईचा दुप्पट राग येतो.

हल्ली गावोगाव दवंडी पिटतात, की पोरं शाळेत घाला, न घालाल तर दंड. ऐकून मी एकटीच हसते. शेजारीण विचारते, "काय झालं गं अमीना, दवंडीत काय हसायचं हाय?" मी म्हणते, काही नाही, जुनं आठवलं. आमच्या गल्लीतली पोरं शाळा चुकवून नदीवर पळतात आणि मास्तर त्यांना शोधत फिरतात. मास्तरांना म्हणावंसं वाटतं, मला न्या.

म्हणाले होते मी तसं, एकदा. माझं सासर आजऱ्याचं. तिथं मुलींची शाळा निघाली आणि शिकवायला बाई मिळेना. यमुनाबाई तोवर संस्थानातल्या मुलींच्या शाळांवरची मोठी अधिकारी झाली होती. छकड्यात बसून पन्हाळ्यापासून आजऱ्यापर्यंत हिंडायची. तिच्यामुळं कितीतरी गावांत मुली शिकल्या, हे खोटं नाही. ती आजऱ्याला आली, तेव्हा मी धुतलेलं लुगडं नेसून चावडीवर गेले. नवऱ्यानं, शहाण्या माणसानं, जा म्हटलं होतं.

"बाई, इथल्या मुलींना शिकवायला कुणी न्हाय. मला लिहिता-वाचता येतंय. हिशेब येतोय. मी शिकवीन," एवढंच मी बोलले. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही.

ती माझ्याकडं बराच वेळ बघत होती. केस पिकायला लागले होते तिचे. मग समोरचे कागद सारखे करत म्हणाली, "दाखल्याशिवाय नेमणूक होत नाही. आणि आमच्या शाळेत तुमचं नाव कधी नव्हतं."

तिच्या शाळेचा मी शब्दही काढला नव्हता. म्हणजे ओळखलं होतं तिनं. मी तशीच उभी राहिले. तिनं मान वर केली नाही, शेवटी शिपाई म्हणाला, "मावशी, चला आता, बाईस्नी कामं हायती." मी घरी आले आणि भाकरी थापायला बसले. त्या दिवशी सगळ्या भाकरी करपल्या, आणि नवरा त्या तशाच खाऊन उठला.

पुढं त्यानं कोल्हापुरात दुकान घातलं आणि आम्ही परत आलो. नीलव्वा तोवर वारली होती. भुसारी दुकान तिच्या पुतण्यानं वाढवलं. पायरी तीच आहे. तिथून जाताना मी मान खाली घालत नाही आणि थांबतही नाही.

या पौषात यमुनाबाई कामातून मोकळी झाली. तिच्या सत्काराला गावातल्या सगळ्या मुलींच्या शाळा एका मांडवात जमल्या होत्या. मुलींना संक्रांतीच्या बांगड्या भरायचं ठरलं होतं, त्यामुळं आम्हा मणेरणींना बोलावणं. मी मांडवाच्या कडेला दुरडी उघडून बसले होते. तिला शाल घातली, नारळ दिला. अंगानं वाळली आहे, आवाज मात्र तसाच खणखणीत. बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, की एवढ्या वर्षांत हजारो मुली हाताखालून गेल्या, पण एक मुलगी विसरता येत नाही. गौरा तिचं नाव. मग तिनं तपासणीचा दिवस सांगितला, साहेबांचा प्रश्न सांगितला आणि माझं उत्तर शब्दन्‌शब्द सांगितलं. मांडव हसला. "अशी मुलगी तापानं नेली हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मोडला. ते रडणं खरं होतं. मी रडणाऱ्या बायका खूप बघितल्या आहेत, मला कळतं. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. माझ्या शेजारची मणेरीणसुद्धा रडली.

भाषणं संपल्यावर ती मुली बघत बघत आमच्या बाजूला आली. माझ्यापुढं थांबली. माझ्या मांडीशी दोन-चार काचा पडल्या होत्या.

"बाई, काचा तेवढ्या उचला," ती म्हणाली. "मुलींच्या पायात जातील."

मी उचलल्या. ती पुढं गेली.

माझ्यासमोर एक चुणचुणीत मुलगी हात पुढं करून बसली होती. बोलकी होती. भाषणातली गौरा तिला फार आवडलेली दिसली. तिच्याबद्दलच बोलत होती. मग एकदम मला म्हणाली, "मावशी, तुमी शाळंत गेलतासा काय?"

"गेलते की. एक दिस."

"एकच? मग फुडं?"

"फुडं मेले."

ती खुदकन हसली. "असं कुठं असतंय व्हय मावशी," म्हणाली, आणि दुसरा हात पुढं केला.